कॉलेजचा एल्फिन्स्टन वेगळा, रोडचा वेगळा: ब्रिटिश किताबांची वंशावळ कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या घरातल्या जुन्या कागदांत 1858 सालच्या एका इंग्रजी पत्राची नक्कल आहे. खाली सही म्हणून नुसतं 'एल्फिन्स्टन' एवढंच आहे. कॉलेज ज्यांच्या नावाचं तेच का हे? शोधायला गेलो तर एका ठिकाणी 'तेरावा लॉर्ड', दुसरीकडे त्याच माणसाला 'पहिला बॅरन' म्हटलंय. पुढचा लॉर्ड त्याचा मुलगा नाही, आडनावही वेगळं. ही वंशावळ वाचायची तरी कशी?"

एकच नाहीत. चुलते-पुतणे आहेत. कॉलेज चुलत्याच्या नावाचं, स्टेशन पुतण्याच्या नावाचं.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1819 ते 1827 मुंबईचे गव्हर्नर होते. ते जाताना मुंबईकरांनी वर्गणी काढून जो निधी उभा केला, त्यातून पुढे कॉलेज झालं. हे माउंटस्टुअर्ट आयुष्यात कधीही 'लॉर्ड' नव्हते. त्यांचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, 1853 ते 1860 मुंबईचा गव्हर्नर होता. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, आणि 2018 साली ज्याचं प्रभादेवी झालं ते एल्फिन्स्टन रोड स्टेशन, ही दोन्ही नावं पुतण्याची. मराठी पुस्तकांत दोघांनाही सर्रास 'लॉर्ड एल्फिन्स्टन' म्हटलेलं असतं. तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गेली बावीस वर्षं मी वंशावळी लावायचं काम करते. त्यातली निम्मीअधिक ब्रिटिश घराण्यांची असतात. लोक सगळ्यात जास्त जिथे अडकतात ती गोष्ट आधी सांगते: घराण्याची वंशावळ आणि किताबाची वंशावळ हे दोन वेगळे कागद आहेत. आपल्याकडे एकाच घराण्यात देशमुखी थोरल्या पातीकडे, एखादं इनाम धाकट्या पातीकडे, आणि प्रत्येकाची सनद निराळी असं असायचं ना, तसंच हे आहे. किताब ज्या सनदेनं दिला, त्या सनदेत वारस कोण हे लिहिलेलं असतं आणि किताब तेवढंच ऐकतो. घरातला थोरला कोण, कर्तबगार कोण, इस्टेट कुणाकडे आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून एका माणसाकडे तीन किताब असतील तर तीन वंशावळी काढायच्या. एकाच झाडावर तिन्ही टांगायला गेलात की फसलात.

आता एल्फिन्स्टनांचंच घेऊ. हे घराणं स्कॉटलंडचं. 'लॉर्ड एल्फिन्स्टन' हा किताब साधारण 1510 चा. पहिला लॉर्ड 1513 साली फ्लॉडनच्या लढाईत पडला, त्याचा मुलगा दुसरा लॉर्ड 1547 साली पिंकीच्या लढाईत. तिथून मोजत मोजत 1813 साली तेराव्यापर्यंत येतं. इथे मराठी वाचकाची एक हमखास चूक होते: 'तेरावा' म्हणजे तेरावी पिढी असं आपण धरतो. हा आकडा पिढीचा नाही, धारकाचा आहे. भावाकडून भावाकडे किताब गेला तरी आकडा एकानं वाढतो आणि पिढी तीच राहते. नातवाकडे गेला तर पिढी दोन उतरते, आकडा एकच.

या तेराव्याला 1859 साली दुसरा एक किताब मिळाला, युनायटेड किंग्डमच्या पीअरेजमधला 'बॅरन एल्फिन्स्टन' (पीअर म्हणजे लॉर्ड दर्जाचा सरदार, पीअरेज म्हणजे त्यांचा वर्ग). म्हणून तो एका यादीत तेरावा आणि दुसऱ्या यादीत पहिला. आधीच लॉर्ड असलेल्या माणसाला पुन्हा त्याच नावाचा किताब कशासाठी? कारण 1707 मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले तेव्हा स्कॉटिश सरदारांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सरसकट जागा मिळाल्या नाहीत. त्यांनी आपल्यातून सोळा प्रतिनिधी निवडून पाठवायचे असं ठरलं. ही पद्धत 1963 पर्यंत चालली. त्यामुळे ज्या स्कॉटिश लॉर्डचा सरकारला मान करायचा असे, त्याला नव्या पीअरेजमधला किताब द्यायचे. मग त्याला निवडणुकीशिवाय, स्वतःच्या हक्कानं बसता यायचं. स्कॉटिश लॉर्डच्या नावापुढे नवी बॅरनकी दिसली की बहुतेक वेळा कारण हे असतं.

तेरावा लॉर्ड जुलै 1860 मध्ये अविवाहित वारला आणि त्या दिवशी त्याच्या दोन किताबांच्या वाटा फुटल्या.

1859 ची बॅरनकी तिथेच संपली. अशा सनदेत बहुतेक वेळा शब्द असतात 'त्याच्या शरीरापासून झालेले पुरुष वारस'. शरीर कुणाचं? ज्याला किताब दिला त्याचं. म्हणजे जॉनचे मुलगे, त्या मुलांचे मुलगे. जॉनला मूलच नाही, म्हणजे वारस शून्य. भाऊ, चुलता, चुलतभाऊ कितीही जवळचे असोत, ते जॉनच्या शरीरापासून झालेले नाहीत. जुन्या स्कॉटिश किताबाची मोजणी मात्र 1510 च्या पहिल्या पुरुषापासून. त्या पहिल्याच्या पुरुष-वंशात कुणीही शिल्लक असेल तर किताब जिवंत. तेव्हा जॉनच्या शाखेत कुणी नाही म्हटल्यावर एक पायरी वर चढायचं, बापाचे भाऊ बघायचे, थोरल्याकडून धाकट्याकडे. जॉनच्या बापाच्या पाठचा भाऊ ॲडमिरल चार्ल्स. तो गेलेला होता, पण त्याचा मुलगा होता. तो चौदावा लॉर्ड झाला.

त्याचं आडनाव एल्फिन्स्टन-फ्लीमिंग का, हा तुमचा पुढचा प्रश्न. ॲडमिरल चार्ल्सची आजी विगटाउनच्या अर्लची मुलगी, माहेरची फ्लेमिंग. तिच्या माहेरचा जमीनजुमला चार्ल्सकडे आला आणि त्याबरोबर आडनावही. अशा इस्टेटींना बरेचदा अट असायची की जो घेईल त्यानं आमचं आडनाव लावावं, आमचं चिन्ह ढालीवर घ्यावं. आपल्याकडे दत्तक गेलेला मुलगा आडनाव बदलतो तसंच दिसतं हे, पण फरक मोठा आहे. इथे बाप बदलत नाही. चार्ल्स फ्लीमिंग झाला तरी वंशानं एल्फिन्स्टनच राहिला, म्हणून त्याच्या मुलाचा हक्क शाबूत. जोडआडनाव दिसलं की मी आधी आज्या आणि बायका शोधते. कुणाच्या माहेरचा पैसा आला ते कळलं की आडनाव आपोआप उलगडतं.

हा चौदावा सहा महिन्यांत, जानेवारी 1861 मध्ये वारला. मूलबाळ नाही. आता अजून वर चढा. दहाव्या लॉर्डचा तिसरा मुलगा विल्यम, ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर. त्याचा नातू पंधरावा लॉर्ड झाला. आणि इथे मला दर वेळी थांबावंसं वाटतं. आपले माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्डचे चौथे मुलगे. ते नोव्हेंबर 1859 मध्ये सरे परगण्यात, लग्न न करता वारले. अजून चौदा महिने जगले असते तर किताब दहाव्याच्या शाखेपर्यंत चढायच्या आधी त्यांच्यापाशी थांबला असता आणि पंधरावा लॉर्ड एल्फिन्स्टन तेच झाले असते. त्यांच्या आणि चार्ल्सच्या मधल्या भावाची पुरुष-शाखाही उरलेली नव्हती हेही यातूनच कळतं, नाहीतर किताब तिकडे गेला असता. किताब जिकडे गेला त्यावरून कोणत्या शाखा वाळल्या होत्या हे उलटं वाचता येतं. वंशावळ लावणाऱ्याला याचा फार उपयोग होतो.

आणखी एक सापळा सांगून ठेवते. पंधराव्या लॉर्डला 1885 साली पुन्हा युनायटेड किंग्डमची 'बॅरन एल्फिन्स्टन' ही बॅरनकी मिळाली. म्हणजे 'पहिला बॅरन एल्फिन्स्टन' दोन आहेत, 1859 चा आणि 1885 चा. साल लिहिल्याशिवाय 'पहिला' असं लिहूच नका. आणि त्या विल्यम डायरेक्टरचाच मुलगा जनरल विल्यम एल्फिन्स्टन, 1842 मध्ये काबूलहून माघार घेताना ज्याच्या हाताखालचं सैन्य कापलं गेलं तो. माउंटस्टुअर्टही 1808-09 साली काबूलच्या दरबाराकडे वकील म्हणून गेले होते आणि शाह शुजाला पेशावरला भेटले होते. अफगाणिस्तानच्या संदर्भात नुसतं 'एल्फिन्स्टन' वाचलं तर आधी साल बघा.

मुलींकडे किताब जातो का, हेही लोक विचारतात. सनदेत असेल तर जातो. याच घरात उदाहरण आहे. दहाव्या लॉर्डचा पाचवा मुलगा जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, आरमारातला मोठा ॲडमिरल. 1815 मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवायचा निर्णय कळवण्याचं काम याच्याकडे आलं होतं. त्याला पहिल्या बायकोपासून एकच मुलगी, मार्गारेट, म्हणून 'बॅरन कीथ' हा किताब देताना मुलगा नसेल तर तो मुलीकडे जावा अशी खास तरतूद सनदेत घातली. नंतर 1814 मध्ये व्हायकाउंटकी (बॅरनकीच्या वरची पायरी; तिच्या वर अर्ल, मग मार्क्विस) मिळाली तिच्यात ती तरतूद नव्हती. 1823 मध्ये तो वारला तेव्हा व्हायकाउंटकी बुडाली आणि मार्गारेट बॅरनेस कीथ झाली. तिनं लग्न केलं ते नेपोलियनच्याच ए.डी.सी.शी (खास लष्करी मदतनिसाशी), काउंट द फ्लाओशी. तिलाही मुलीच झाल्या, म्हणून 1867 मध्ये तिच्याबरोबर कीथ बॅरनकी संपली. पण तिच्या आईच्या बाजूनं आलेला 'नेर्न' हा जुना स्कॉटिश किताब मुलींकडे उतरणारा होता. हाउस ऑफ लॉर्ड्सनं 1874 मध्ये तो तिची मुलगी एमिलीचा असल्याचं मान्य केलं. या एमिलीचा मुलगा पाचवा मार्क्विस ऑफ लॅन्सडाउन, 1888 ते 1894 हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. पुढे ऑगस्ट 1944 मध्ये सातवा मार्क्विस इटलीत लढताना पडला. त्याचा धाकटा भाऊ थोडेच दिवस आधी नॉर्मंडीत पडला होता. मग मार्क्विसपद चुलत भावाकडे गेलं आणि नेर्न किताब बहिणीकडे. इतकी वर्षं एकत्र चाललेले दोन किताब एका दिवसात वेगळे झाले, कारण ते मुळात एकत्र नव्हतेच. एका माणसाच्या नावावर होते, एवढंच.

इंग्लंडच्या फार जुन्या बॅरनक्या, ज्या सनदेनं न देता राजाच्या बोलावण्याच्या पत्रानं निर्माण झाल्या, त्याही मुलींकडे जातात. पण तिथे सगळ्या मुली सारख्या. तीन मुली असल्या तर कुणीच थोरली नाही, आणि किताब अधांतरी लटकतो, कधी कधी शतकानुशतकं. स्कॉटलंडमध्ये हा प्रकार नाही, थोरल्या मुलीला मिळतो.

दत्तकाबद्दल मात्र स्पष्ट उत्तर आहे: चालत नाही. आजही नाही. 2004 पासून दत्तक मुलांना सरदाराच्या मुलांची बिरुदं लावता येतात, पण किताबाचा वारसा नाही. मराठी माणसाला इथे डलहौसी आठवल्याशिवाय राहत नाही. दत्तक नामंजूर करून 1848 मध्ये सातारा, मग नागपूर आणि झाशी खालसा करणारा हा गव्हर्नर-जनरल स्वतः स्कॉटलंडचा दहावा अर्ल ऑफ डलहौसी. पंजाब घेतल्यावर 1849 मध्ये त्याला मार्क्विस केलं. त्याला मुलीच. डिसेंबर 1860 मध्ये तो वारला तेव्हा मार्क्विसपद त्याच्याबरोबर संपलं आणि जुनी अर्लकी एका भाऊबंदाकडे गेली, अगदी एल्फिन्स्टनांसारखंच आणि त्याच वर्षी. आपल्या मुलुखात दत्तक हा धर्मानं, रिवाजानं पूर्ण वारस होता. हे लोक ज्या व्यवस्थेत वाढले तिथे रक्ताबाहेरचा वारस कल्पनेतही नव्हता. साताऱ्याचा अन्याय यानं कमी होत नाही, पण त्या कागदांतली भाषा अशी का आहे हे मला किताबांच्या वंशावळी लावायला लागल्यावर कळलं.

मुंबईतल्या आणखी दोन नावांवर हाच हिशेब लावून बघा. हार्बर लाइनवरचं रे रोड आणि सँडहर्स्ट रोड. लॉर्ड रे, गव्हर्नर 1885 ते 1890, मॅके घराण्याचा प्रमुख. जन्म हॉलंडमध्ये हेगला, कारण त्याची शाखा पिढ्यान्‌पिढ्या डच होती. थोरली शाखा संपल्यावर 1628 चा स्कॉटिश किताब समुद्र ओलांडून या डच घराकडे आला. 1881 मध्ये त्याला युनायटेड किंग्डमची बॅरनकी मिळाली. 1921 मध्ये तो निपुत्रिक वारला. नवी बॅरनकी संपली आणि जुना किताब पुन्हा हॉलंडमधल्या चुलत भावाकडे गेला. सँडहर्स्टही 1921 मध्येच वारला. त्याची व्हायकाउंटकी त्याच्यापुरतीच राहिली, बापाला मिळालेली बॅरनकी भावाकडे गेली.

पारशी बॅरोनेटांच्या बाबतीत नेमका उलटा सापळा आहे. जमशेटजी जीजीभाईंना 1857 मध्ये बॅरोनेट केलं (हा किताब वंशपरंपरागत, पण पीअरेजमध्ये मोडत नाही, म्हणून 'लॉर्ड' नाही, 'सर'). ते 1859 मध्ये वारले. पुढच्या प्रत्येक वारसानं जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करायचं असं कायद्यानं ठरलं. त्यामुळे 1870 च्या कागदावरचे 'सर जमशेटजी जीजीभाई' म्हणजे त्यांचे चिरंजीव करसेटजी. एल्फिन्स्टनांत एका माणसाची दोन माणसं होतात, इथे चार-पाच माणसांचा एक माणूस होतो.

आता पुराव्याचं. किताबाच्या कामात 'हा वारस आहे' हे दाखवणं सोपं असतं. 'याच्या आधीचा कुणी उरलेला नाही' हे दाखवण्यात वर्षं जातात. प्रत्येक थोरल्या शाखेच्या शेवटच्या पुरुषापर्यंत जाऊन तिथे दार बंद आहे हे कागदावर दाखवावं लागतं. छापील वंशावळींत त्यासाठी लॅटिन अक्षरं असतात: डी.एस.पी. म्हणजे निःसंतान वारला, डी.एस.पी.एम. म्हणजे मुलगा नसताना वारला, डी.व्ही.पी. म्हणजे बापाच्या हयातीत वारला. त्यातलं डी.एस.पी. मी कधीही तपासल्याशिवाय घेत नाही. बरेचदा त्याचा खरा अर्थ 'हिंदुस्थानात गेला, पुढे आम्हाला माहीत नाही' एवढाच निघतो. अशा वेळी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात चर्चच्या नोंदी बघायच्या. एन/1 बंगाल, एन/2 मद्रास, एन/3 मुंबई. बाप्तिस्मा, लग्न, दफन तिन्ही आहेत. मृत्युपत्रं 1858 पर्यंतची मोठ्या घराण्यांची बहुतेक लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. स्कॉटलंडची एडिंबरोला.

बर्कची पीअरेज, म्हणजे सरदार घराण्यांच्या वंशावळींचा छापील ग्रंथ, जी 1826 पासून निघते, तिच्या जुन्या आवृत्त्यांत घराण्यांनी स्वतः कळवलेल्या दंतकथा भरपूर आहेत. नॉर्मन विजयाच्या आधीचा पूर्वज दिसला की सावध व्हा. स्कॉटिश घराण्यांसाठी बाल्फर पॉल यांनी संपादित केलेले 1904 ते 1914 मधले नऊ खंड मला जास्त भरवशाचे वाटतात, कारण प्रत्येक विधानाला मूळ कागदाचा आधार दिलेला असतो.

लग्नाचा पुरावा हा दुसरा कणा. पीअरेजमधल्या वंशपरंपरागत किताबाचे पहिले हिंदी धारक सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, 1919 चे बॅरन सिन्हा ऑफ रायपूर (हे रायपूर बंगालमधलं, छत्तीसगडचं नव्हे). ते 1928 मध्ये वारले तेव्हा मुलाच्या हक्काचा प्रश्न अडला, कारण त्या काळच्या हिंदू लग्नात दुसरी बायको करायला मुभा होती आणि इंग्रजी कायद्याला एकपत्नी लग्नच समजत होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सनं हक्क मान्य करेपर्यंत 1939 उजाडलं. आणि 2016 मध्ये स्कॉटलंडच्या प्रिंगल ऑफ स्टिचिल या 1683 च्या बॅरोनेटकीचा निकाल प्रिव्ही कौन्सिलनं (अशा दाव्यांवर निर्णय देणाऱ्या वरिष्ठ न्यायमंडळानं) डी.एन.ए.च्या पुराव्यावर दिला. दोन पिढ्या मागची एक कडी रक्तानं जुळत नाही असं निघालं आणि किताब दुसऱ्या शाखेकडे गेला. तेव्हापासून कागद पक्का असला तरी मी अहवालात 'कागदोपत्री' हा शब्द घालते.

आता तुमच्या नक्कलेकडे. ब्रिटिश पीअर सही करताना नुसता किताब लिहितो, नाव नाही, आद्याक्षर नाही. माउंटस्टुअर्ट 'एम. एल्फिन्स्टन' अशी सही करत. पुतण्या नुसतं 'एल्फिन्स्टन'. काही वर्षांपूर्वी एका लिलावाच्या यादीत 1857 चं एक पत्र चुलत्याच्या नावावर, चढ्या भावानं लावलेलं होतं. घेणाऱ्यानं ते मला दाखवलं. वरच्या कोपऱ्यात 'परळ' लिहिलेलं, म्हणजे तेव्हाचं गव्हर्नरांचं निवासस्थान, आणि तळाला एकच शब्द, आद्याक्षराला जागाच सोडलेली नाही. 1857 मध्ये माउंटस्टुअर्ट सत्तरी ओलांडलेले, इंग्लंडात निवृत्त. त्यांच्या नावामागे लागतं ते 'ऑनरेबल'सुद्धा दोन कारणांनी असू शकतं, लॉर्डचा धाकटा मुलगा म्हणून जन्मानं किंवा गव्हर्नर म्हणून हुद्द्यानं. त्यावरून काही ठरत नाही. सहीवरून ठरतं.

तेव्हा तुमचं 1858 चं पत्र तेराव्या लॉर्डचं. त्याच्या पाकिटावर 'बॅरन' लिहू नका, ती सनद पुढच्या वर्षीची आहे. 'जॉन, 13 वा लॉर्ड एल्फिन्स्टन, मुंबईचा गव्हर्नर' एवढं पुरे. त्याचे खाजगी कागद ब्रिटिश लायब्ररीत एफ 87 या क्रमांकाखाली आहेत आणि चुलत्याचे लगेच शेजारी एफ 88 खाली, मागवताना आकडा नीट बघा. पण पत्र सरकारी असेल तर आधी मुंबईतच शोधा. नक्कलेवर खात्याचं नाव आणि आवक-जावक क्रमांक असेल तर तो घेऊन राज्य पुराभिलेख विभागात जा, 1858 च्या त्या खात्याचे व्हॉल्यूम मागा. तो विभाग काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे.